सिक्स आधी शेजारी, मग आपल्याकडे

प्रश्न : काका, आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे केबलवाले नाहीतर डिशवाले, आणि मी एकटाच ॲपवर मॅच लावून बघणारा. शेवटची ओव्हर, सहा बॉलमध्ये नऊ हवेत, माझ्याकडे बॉलर अजून रनअपच्या टोकाला बॉल पुसतोय आणि वरच्या मजल्यावर धडाधड उड्या चालू. म्हणजे कळलंच ना राव मला! इंटरनेटचा स्पीड वाढवून घेतला, नवीन राउटर आणला, तरी तेच. माझं नक्की काय चुकतंय? – तिसरा मजला

उत्तर : तुमचं काहीच चुकत नाहीये आणि राउटरचाही काही दोष नाही, बिचाऱ्याला उगाच बदललंत. स्पीड आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिशचा सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर सॅटेलाइटला जाऊन खाली येतो, ऐकायला केवढं लांब वाटतं, पण त्याला लागतो पाव सेकंद. बाकी थोडा वेळ चॅनलवाल्यांच्या मशिनरीत जातो, एवढंच. ॲपचं तसं नसतं. तिथे चालू मॅचचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा चांगल्या नेटवाल्यासाठी वेगळा, रडक्या नेटवाल्यासाठी वेगळा असा बनवतात, मग ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून तुमचा फोन ते उचलतो. आणि फोनही लगेच दाखवत नाही, आधी दोन-तीन तुकडे खिशात भरून ठेवतो, मध्येच नेट गचकलं तर चक्र फिरत बसायला नको म्हणून. हे सगळं धरून वीस-तीस सेकंद कुठेच जात नाहीत, कधीकधी त्याहून जास्त. तुकडे बारीक करून हा उशीर कमी करता येतो, पण लाखो लोक एकदम बघत असताना "थोडं उशिरा दाखवू पण अडकू देणार नाही" हाच हिशोब कंपन्यांना परवडतो, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच आहे, अडकलेल्या चित्रावर लोक जास्त चिडतात.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. मॅच मध्येच पॉज केली असेल किंवा एक-दोनदा अडकली असेल तर ॲप तेवढंच मागे राहून चालत राहतं, स्वतःहून सहसा पुढे जात नाही. खाली "लाइव्ह" असं बटण असतं ते दाबा. माझ्या एका मित्राने अख्खी दुसरी इनिंग दीड मिनिट मागे राहून बघितली आणि शेजारच्यांना ज्योतिष येतं की काय अशी शंका घेत बसला.

पण तुमच्या तक्रारीत मला खरी बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, पहिल्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, समोर पाकिस्तान. शेवटची ओव्हर जोगिंदर शर्माला दिली म्हणून घराघरांत धोनीला शिव्या, त्यांना चार बॉलमध्ये सहा रन हवेत, मिसबाहने तो मागे उचलायचा शॉट खेळला, बॉल हवेत गेला आणि शॉर्ट फाइन लेगला श्रीशांतच्या खाली. त्या दोन सेकंदांत आमची अख्खी बिल्डिंग गप्प होती. म्हणजे एकदम, सगळ्या मजल्यांवर, पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आणि कॅच हातात बसला तेव्हा ओरडलो ते सगळे एकाच सेकंदाला, कारण सगळ्यांच्या घरात एकच केबल होती. आता पहिला मजला ओरडतो, मग चौथा, मग तुम्ही, आणि सगळ्यात शेवटी तो लिफ्टमध्ये नेट गेलेला मुलगा. आपण सगळे एकाच मॅचला आहोत पण वेगवेगळ्या वेळी. यावर राउटर नाही मिळत.

प्रश्न : मॅच चालू असते तेव्हा ऑफिसमध्ये असते. संध्याकाळी निवांत बघू म्हणून दिवसभर स्कोअर न कळण्यासाठी जिवाचा आटापिटा करते, ग्रुप म्यूट, नोटिफिकेशन बंद, ट्रेनमध्ये कानात गाणी. तरी दारातच कोणीतरी म्हणतं, "बघू नकोस, वेळ वाया घालवशील." आता यातून काय समजायचं? – म्यूट

उत्तर : हरलो हे समजायचं, दुसरं काय. त्या माणसाने स्कोअर सांगितला नाही म्हणून त्याला वाटतंय आपण केवढे दिलदार.

पण समजा दारातला माणूस चुकवलात, तरी पुढे व्हिडिओची ती खालची पट्टी आहेच, तिचं काय करणार? टेनिस बघताय, दोन-दोन सेट झालेत, पाचवा सेट सुरू होतोय आणि पट्टी सांगते अठरा मिनिटं शिल्लक. झालं, म्हणजे कोणीतरी सपशेल आडवा झाला, पाच सेटची मजा तिथेच मेली. मी त्या पट्टीवर कागद चिकटवतो. हसू नका, खरंच चिकटवतो, पिवळी चिकटणारी चिठ्ठी, स्क्रीनच्या खालच्या कडेला बरोब्बर बसते.

उलटंही होतं म्हणा. २००८ची विम्बल्डन फायनल, नदाल आणि फेडरर. त्या दिवशी मामेबहिणीकडे कार्यक्रम, टाळणं शक्य नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरमधल्या टीव्ही ट्यूनर कार्डवर चार तासांचं टायमर लावून गेलो. चार तास म्हणजे डोक्यावरून पाणी असं वाटलं होतं. रात्री येऊन लावलं, नदाल दोन सेट वर, तिसऱ्या सेटमध्ये ५-४ ला पाऊस आला, कोर्टवर कव्हर ओढलं, आणि त्या हिरव्या कव्हरवर टपटप पाऊस पडताना रेकॉर्डिंग संपलं. मी म्हटलं जाऊ दे, नदाल आता गुंडाळणार, आणि झोपलो. सकाळी पेपर उघडला तर ६-४, ६-४, ६-७, ६-७, ९-७. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा खेळ, शेवट जवळपास अंधारात. जिंकला नदालच, माझा अंदाज चुकला नव्हताच, त्याचंच जास्त दुःख.

प्रश्न : घरात वाद पेटलाय, निकाल तुम्ही द्या. १९९८ची शारजाची मॅच, वाळूचं वादळ, त्यानंतर सचिनने ऑस्ट्रेलियाला चोपून काढलं आणि आपण जिंकलो, हे मी स्वतः बघितलंय. मुलगी मोबाईलमध्ये बघून म्हणते बाबा, ती मॅच आपण हरलो होतो. या पोरांना जुन्याची किंमत नाही. – शारजा ९८

उत्तर : मुलगी बरोबर आहे हो. चिडू नका, तुम्ही एकटे नाही, मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतले निम्मे असंच सांगतात.

वादळ आलं ती मॅच २२ एप्रिलची. ऑस्ट्रेलियाचे २८४, मग मध्येच वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, ओव्हर कमी झाल्या आणि आपल्याला गाठायचा आकडा झाला ४६ ओव्हरमध्ये २७६. पण फायनलला पोचायला जिंकायचीही गरज नव्हती, २३७ झाले की रनरेटवर तिसरी टीम न्यूझीलंड बाहेर आणि आपण आत. सचिनने १४३ मारले, आपले झाले २५०, म्हणजे मॅच २६ रननी हरलो आणि फायनलला गेलो. मग दोन दिवसांनी २४ तारखेला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, फायनलमध्ये १३४, आणि ती आपण जिंकलो. तुम्ही काय केलंत, पहिल्या मॅचचं वादळ घेतलं, दुसऱ्या मॅचचा निकाल घेतला आणि डोक्यात एकच मॅच शिवून टाकली. शिवण मात्र एवढी बारीक घातलीत की इतकी वर्षं उसवली नाही!

आमच्या मामाचं तर याच्या पुढचं. १९८३च्या वर्ल्ड कपमध्ये टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवने नाबाद १७५ मारले ती इनिंग तो हातवारे करून सांगायचा. ४ बाद ९ झाले होते, कपिल आला तो अजून अंग पुसत होता, मग ५ बाद १७ वरून कसा उभा राहिला, किरमाणीला कसं समजावलं, नवव्या विकेटला दोघांनी नाबाद १२६ कसे जोडले, सिक्स कुठल्या झाडाकडे गेला, सगळं. "टीव्हीवर डोळ्यांनी बघितलंय" असं वर. मी कॉलेजला जाईपर्यंत विश्वास ठेवला आणि मग कळलं की त्या मॅचचं टीव्ही चित्रीकरणच झालं नव्हतं, जगात कुठेच नाही. त्याला सांगितलं तर शांतपणे म्हणाला, "मग मी रेडिओवर बघितलं असेल." आता याला खोटं कसं म्हणणार? मला तर ती इनिंग आजही मामाच्या हातवाऱ्यांतच दिसते.

मुलीला एकदा सॉरी म्हणा आणि २४ तारखेची फायनल लावून द्या. ती खरंच जिंकलीय.

प्रश्न : रात्री उशिराच्या फुटबॉल मॅच बघतो. घर लहान, सगळे झोपलेले. गोल झाल्यावर ओरडता येत नाही, उशी तोंडात धरतो. काही उपाय? – उशी

उत्तर : उशी धरण्याचीही घाई करू नका. वर्ल्ड कपमध्ये २०१८पासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं, आलंय, गोल झाला तरी रेफरी कानाला बोट लावून उभा राहतो, आणि दोन मिनिटांनी कळतं की कोणाचा तरी खांदा ऑफसाइड होता. रद्द झालेल्या गोलसाठी घरच्यांना उठवलंत तर ते जन्मभर ऐकवतील.

प्रश्न : स्टेडियममध्ये जाऊन बघण्यात काही अर्थ राहिलाय का? ऑनलाइन तिकिटाच्या रांगेत दीड तास "तुमचा नंबर येतोय" वाचत बसलो, नंबर आला आणि पान कोरं झालं. बरं, मिळालं तरी गाडी कुठे लावायची, आणि आत रिप्ले नीट दिसत नाही. – वेटिंग

उत्तर : रांगेचं दुखणं मला माहितीये, मी त्या कोऱ्या पानाकडे बघत पंधरा मिनिटं बसलो होतो, रिफ्रेश केलं तर नंबर जाईल या भीतीने. गाडी मात्र नेऊच नका, तो विषय संपला.

पण जा एकदा तरी. टीव्हीवर तुम्हाला कॅमेरा दाखवेल तेच दिसतं, मैदानावर कॅप्टनने हळूच स्लिप काढून कव्हरला पाठवली, कीपर दोन पावलं मागे सरकला, हे बॉल पडायच्या आधी दिसतं आणि पुढे काय शिजतंय ते कळायला लागतं. आणि एक गंमत, लांबच्या स्टँडमध्ये बसा, दीडशेएक मीटरवर. बॅट बॉलला लागलेली दिसते, बॉल निघालेला असतो, आणि मग येतो "टक्" आवाज. जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा. तिसऱ्या मजल्यावरच्या भावाला सांगा, मैदानातही उशीर आहेच, पण तो सगळ्या स्टँडला मिळून असतो.

प्रश्न : काका, एवढं सगळ्यांना सांगता, तुम्ही स्वतः मॅच कशी बघता? – सहज विचारलं

उत्तर : ॲपवर. तीस सेकंद मागे. आधी चिडायचो, आता शेजारच्या आरोळीवरून ओळखायचा प्रयत्न करतो. सिक्सची आरोळी एकदम वर जाते आणि टाळ्यांत उतरते, विकेटची आधी "ए एए" अशी लांबते आणि मग फुटते, कॅच सुटला की नुसतं "अर्रर्र". बऱ्यापैकी जमायला लागलंय. परवा मात्र फसलो. आपली बॅटिंग, अवघड चेस, आणि भिंतीपलीकडून एवढी मोठी आरोळी आली की मी सिक्स समजून उठून उभाच राहिलो. तीस सेकंद गेली, काही नाही. साठ गेली, डॉट बॉल. मग पुन्हा आरोळी, पुन्हा डॉट बॉल. शेवटी राहवेना, बेल वाजवली. शेजारचे आजोबा दारात आले, मागे टीव्हीवर शारजा चालू होतं, आणि मला आत ओढत म्हणाले, "ये ये, आता वादळ येतंय."