मशीनवर ठोके नॉर्मल दिसले म्हणजे नाडी नॉर्मल असते का?

तुमच्या वडिलांना अधूनमधून धडधडतं, पण बीपीच्या मशीनवर ठोके 76 येतात, मग काळजी नाही ना, आणि नुसती नाडी धरून काही कळतं का, असं तुम्ही विचारलंय. नाडी धरून कळतं. आणि त्या 76 वर विसंबू नका.

मी सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात 26 वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. शेडमध्ये सगळे माग एकदम चालू असले तरी एखाद्याचा फटका मागेपुढे पडायला लागला की पाठ असतानाही मला कळतं. दोन वर्षांपूर्वी गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा आई सारखी दमायला लागली. विड्या वळता वळता सूप बाजूला सारून भिंतीला टेकायची. दाजींनी त्यांचं मशीन आणून दंडाला पट्टा बांधला. बीपी ठीक, ठोके 84. मी सहज मनगट धरलं आणि सोडवेना. दोन ठोके एकमेकाला चिकटून, मग थांबा, मग एक जोराचा, मग तीन बारीक, त्यातला तिसरा लागला की नाही असा. ताल कुठेच नाही. मी म्हटलं, ईसीजी काढू. दाजी म्हणाले, "84 नॉर्मल असतात, तू तुझे माग बघ." अक्कानेही त्यांचीच री ओढली. पित्ताच्या गोळ्या चालू झाल्या. मी धाकटा, गप्प बसलो.

19 दिवसांनी सकाळी पानं कापताना आईच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेली तर उजव्या हाताची बोटं मिटेनात, सांगायला गेली तर शब्द फुटेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, सिस्टरना मनगट धरायला लावलं आणि दोघांनी एकाच घड्याळावर पूर्ण मिनिट मोजलं. छातीत 122, मनगटावर 86. मधले 36 ठोके हृदय देत होतं, पण रक्त भरायला वेळच न मिळाल्यामुळे ते हातापर्यंत पोचत नव्हते. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. आईची तर हृदयातली मायट्रल झडपही अरुंद निघाली, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता त्यामुळे. आता वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासणीचा आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. बोलणं परत आलं. विडी मात्र वळता येत नाही.

वडिलांना पाच मिनिटं शांत बसवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, स्वतःचा अंगठा नको, त्यालाच ठोका असतो. पूर्ण मिनिट धरा. 15 सेकंद मोजून चारने गुणण्यात अशी नाडी निसटते. दुसऱ्या हाताने मांडीवर ताल द्या. पुढचा ठोका कुठे पडणार हे बोटांना आधी कळलं पाहिजे. ताल नीट आहे आणि मध्येच एखादा ठोका गळून पुढचा जोरात येतो, हे पुष्कळ लोकांत होतं आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. तरुण पोरांची नाडी श्वास घेताना जलद, सोडताना संथ होते, तेही नॉर्मल. मोठ्या माणसाचे बसल्या जागी 60 ते 100 ठोके बरोबर, पळणाऱ्या-खेळणाऱ्यांचे त्याहून कमीही चालतात. पण बसल्या बसल्या एकदम दीडशेच्या वर जाणं, किंवा 40 च्या खाली जाऊन चक्कर येणं, हे घरी बघत बसायचं नाही.

बोटांनी फक्त शंका येते, निदान ईसीजीच करतो. तोही धडधड चालू असतानाच काढा, एरवी साफ येऊ शकतो. मग 24 तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावतात. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा जीभ अडखळली तर लगेच 108. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

घरात कोणी मोठ्या माणसाने आकडा दाखवून गप्प केलं, तरी ईसीजी काढूनच या. दाजी अजून म्हणतात, त्या दिवशी 84 च होते. होतेच. मी मोजणी चुकली असं कधी म्हटलंच नव्हतं.