जयपूर थांबेल, आधी पाटल्या सोडवा

कराडजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. सहा वर्षं गोधड्या शिवतात, गल्लीतल्या दोघी मदतीला असतात. उन्हाळ्यातल्या त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या: चैत्री पौर्णिमेला सगळं घर जोतिबाला, मग माहेरच्या गावची यात्रा आणि मधेच एक दिवस इचलकरंजीला कापड आणायला. यंदा मे महिन्यात त्यांना मुलांना आणि नणंदेला घेऊन जयपूरला जायचंय, तिथल्या सांगानेर आणि बगरूचं ठशांनी छापलेलं कापड आणायला. खर्च ६० हजार, त्यात कापड ३५ हजारांचं. खात्यात ७० हजार आहेत. जूनमध्ये ८४ हजारांचा विम्याचा हप्ताही आहे. त्या विचारतात, "जयपूर शिल्लक पैशांतून करू आणि हप्त्यासाठी गेल्या वर्षीसारखं सोनं ठेवू, की उलट करू?"

'गेल्या वर्षीसारखं' वाचलं आणि मी जयपूर बाजूला ठेवून पॉलिसीच्या कागदांचे फोटो मागवले.

ताई, तुम्ही २०२३ च्या जूनमध्ये बँकेत एफडी मोडून नवी करायला गेलात आणि विमा घेऊन घरी आलात. साहेब म्हणाले, 'एफडीसारखंच आहे, वर दामदुप्पट.' दहा वर्षं ८४ हजार भरायचे, म्हणजे ८ लाख ४० हजार, आणि विसाव्या वर्षी १६ लाख ८० हजार मिळायचे. दुप्पट खरंच होतात. फक्त वीस वर्षांत! व्याजाचा दर पडतो साडेचार टक्के. हेच पैसे तसेच पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत खात्यात, टाकले असते आणि तिथला गेल्या काही वर्षांचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर पंचवीस लाखांच्या आसपास झाले असते. साहेबांनी हा हिशेब दाखवला नाही, कारण पीपीएफवर त्यांना कमिशन नाही.

आता पुढचं. हा साडेचार टक्क्यांचा हप्ता भरायला गेल्या जूनमध्ये तुम्ही पाटल्या पतसंस्थेत ठेवल्यात, १३ टक्क्यांनी. वर्षाचं व्याज अकरा हजार. इकडे तेरा द्यायचे, तिकडे साडेचार घ्यायचे आणि त्याला बचत म्हणायचं! यंदाही तसंच करायचा विचार आहे.

त्याहून वाईट गोष्ट पॉलिसीच्या पहिल्याच पानावर आहे. विमा तुमच्या नावावर आहे, ८ लाख ४० हजारांचा. एमआयडीसीत नोकरी करणारे, महिना २८ हजार घरी आणणारे तुमचे यजमान ४१ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या नावावर एक रुपयाचाही विमा नाही. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी तुम्हाला काहीच देणार नाही, उलट पुढचा हप्ता मागेल. त्यांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, घ्या, साठीपर्यंतचा, ५० लाखांचा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला दहा-पंधरा हजारांत बसतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असतील तर फॉर्मवर तसं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. लपवलंत तर ऐन वेळी तुमचाच दावा अडकेल.

चालू पॉलिसीचं काय? जूनचा हप्ता भरू नका. तीन हप्ते भरून झालेत, म्हणजे ती बुडत नाही, 'पेड-अप' होते: पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू. दहापैकी तीन हप्ते भरलेत, त्या प्रमाणात विसाव्या वर्षी साधारण पाच लाख मिळतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. आज मोडली तर भरलेल्या २ लाख ५२ हजारांपैकी किमान ३५ टक्के, म्हणजे ८८ हजारांच्या आसपास, हातात येतील. त्यापेक्षा पेड-अप ठेवणं बरं. आता साहेबांचा फोन येईल, की चौथा हप्ता भरा, मग निम्मे परत मिळतात. मिळतात, १ लाख ६८ हजार. पण त्यासाठी ८४ हजार घालून ८० हजार जास्त मिळवायचे. हा कसला फायदा?

खात्यातल्या ७० हजारांतून आधी टर्म प्लॅनचा हप्ता भरा. उरलेले पंचावन्न हजार पतसंस्थेत भरा. बाकी कर्ज गोधड्यांच्या पैशांतून दिवाळीपर्यंत फेडा.

ते पैसे किती, हेही एकदा बघू. तुम्ही 'महिना तीस हजार कमावते' असं लिहिलंय. बारा गोधड्या, अडीच हजारांना एक, ही झाली विक्री. एकीमागे कापडाचे आठ-नऊशे, मजुरीचे सहाशे. दोरा आणि कुरिअर धरलं तर तुमच्या हातात हजाराच्या आत-बाहेर राहतात. म्हणजे महिना बारा हजार. ८४ हजारांचा हप्ता ही तुमची सात महिन्यांची कमाई आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. ६० हजारांतले २५ हजार ही सहल आहे. तिला सहलच म्हणा, धंद्याच्या वहीत मांडू नका. राहिलं कापड. 'दोन ट्रंका कापड पडूनच आहे, पण जयपूरची बात वेगळी' असं तुम्हीच लिहिलंय. एकदा ट्रंका उघडून मीटर मोजा. आत जुन्या साड्यांचे थर घातले तरी वर-खाली मिळून एका गोधडीला सात मीटर नवं कापड लागतं. तीनशे मीटर निघालं तर ते बेचाळीस गोधड्यांचं, म्हणजे साडेतीन महिन्यांचं कापड झालं. त्यात जयपूरच्या अडीचशे-पावणेतीनशे मीटरची भर पडली की निम्मं कापड पावसाळाभर ट्रंकेतच राहणार, आणि भादव्यात घडी उलगडल्यावर येणारा कुबट वास तुम्हाला मी सांगायला नको. ठशांचं कापड लावलं की गोधडी पाच हजारांना जाईल, हीही अजून आशाच आहे. चौदा मीटर ऑनलाइन मागवा, दोन शिवा आणि पाच हजारांना विकून दाखवा.

जोतिबा आणि माहेरची यात्रा अजिबात चुकवू नका. त्याचे पाच-सहा हजार घरखर्चातले आहेत, तिथे मी कात्री लावणार नाही. इचलकरंजीला एसटीने जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. जाताना ट्रंकेत कोणते रंग नाहीत तेवढी यादी घ्या आणि दहा हजारांवर एक मीटरही उचलू नका. जयपूरला मे महिन्यात मुलांना घेऊन जायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, तेवढं मात्र कळवा. थंडीत जा, तोवर पाटल्याही हातात आलेल्या असतील.