आठवी-नववीच्या मुलांना आपलं म्हणणं पटवून द्यायला कसं शिकवावं: माझा अनुभव

सर, तुम्ही लिहिलंय की मुलं वादविवादाला घरून भाषण पाठ करून येतात, दोन मिनिटं धडाधड म्हणून दाखवतात आणि समोरच्याने एक प्रश्न विचारला की एकतर गप्प बसतात नाहीतर भांडायला लागतात, मग हे मुळापासून शिकवायचं कुठून. मी २८ वर्षं मराठी शिकवलं, बरीचशी खेड्यातल्या शाळेत, त्यामुळे तिथे जे चाललं तेच सांगते.

सगळ्यात आधी विषय बदला. 'विज्ञान शाप की वरदान' हा विषय मुलांच्या आईबापांनीही पाठ केलेला असतो, त्यात मुलाचं स्वतःचं काही नसतं आणि कुणाला काही पटवायचंही नसतं, परीक्षक नंबर देतात आणि घरी जातात. विषय असा हवा की समोर एक खरा माणूस आहे आणि हो-नाही म्हणणं त्याच्या हातात आहे. 'पीटीच्या तासाला गणित घेऊ नये' हे गणिताच्या सरांना पटवून दाखवा म्हटलं की मुलं एकदम खडबडून जागी होतात, कारण सर काय म्हणतील हे त्यांना पक्कं माहीत असतं: पोर्शन राहिलाय.

आणि इथेच मी माझा एकमेव कडक नियम लावते. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" असं म्हणेपर्यंत आपला मुद्दा सुरूच करायचा नाही. आपल्याकडे जुन्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, हात घालत नसत, ती हीच रीत. सुरुवातीला अख्खा तास यातच जातो, एक मुलगा तीनदा सांगतो आणि दुसरी तीनदा "नाही, असं नाही म्हणाले मी" म्हणते, पण जाऊ द्या तो तास, वाया नाही जात. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत तेही मुलांना सांगा: खरं काय ते शोधायला करतात तो वाद, फक्त जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याचं नुसतं पाडत बसायचं ती वितंडा. 'वितंडवाद' शब्द मुलांनी घरी ऐकलेला असतोच, दोन आठवड्यांत वर्गात "बाई, हा वितंडा करतोय" ऐकू यायला लागतं.

मुद्दा बांधायला मी डोंगरावरच्या धुराचं उदाहरण घेते, तेही न्यायशास्त्रातलंच. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. नावं पाठ नाही झाली तरी चालेल, पण बहुतेक मुलं पहिलं आणि शेवटचं एवढंच बोलतात, "आग आहे, म्हणून आग आहे", हे त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे. आमच्या शाळेतल्या एकाने लगेच विचारलं, बाई, ते धुकं असलं तर? मला इतका आनंद झाला, कारण जुन्या तर्कपंडितांनीही नेमकी हीच शंका घेतलेली आहे, धूर म्हणून जे दिसतंय ते वाफ असेल तर हेतूच डळमळीत. त्या दिवसापासून आमच्या वर्गात कच्च्या पुराव्याला 'धुकं' म्हणतात.

तर्कातल्या चुका शिकवताना जड नावं देऊ नका, आपल्या म्हणींमध्ये सगळं आहे. एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल बोललं की सुतावरून स्वर्ग. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली म्हटलं की कावळा बसायला आणि फांदी मोडायला. समोरचा जे म्हणालाच नाही ते खोडत बसलं की साप म्हणून भुई धोपटणं. विषय भरकटवला की फाटे फोडणं, आणि "तू तरी कुठे अभ्यास करतोस" सुरू झालं की मुद्दा सोडून गुद्द्यावर येणं. एका मुलीने वहीत वर्तमानपत्रातल्या जाहिराती चिकटवून प्रत्येकीखाली म्हण लिहून आणली होती, ती वही मी अजून जपून ठेवलीये.

वाचायला काय द्यावं असंही तुम्ही विचारलंय. मी महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन घेते, सोप्या मराठीत सांगून. ॲरिस्टॉटलने पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्यात, बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क, आणि तिन्हींकडे बोट दाखवायला यासारखं दुसरं मला सापडलं नाही. फुले सुरुवातीलाच सांगतात की आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आजूबाजूच्या खेड्यांपुरता आहे. मुलांना वाटतं हा कमीपणा झाला, पण मग विचारा, जो माणूस आपल्याला किती माहीत आहे त्याची हद्द स्वतःच सांगतो त्याच्यावर विश्वास वाढतो की कमी होतो? मग येतो तर्क: सरकारचा महसूल येतो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा जातो वरच्या वर्गांना. आणि मागणी किती नेमकी, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. 'शिक्षणाकडे लक्ष द्यावे' असलं गुळगुळीत काही नाही. रयतेचं दुःख सांगायला त्यांना रडवं व्हावं लागत नाही, ते त्या हिशोबातच आहे.

भावनेबद्दल थोडं जास्त सांगते कारण वक्तृत्वात मुलं इथेच वाहवतात. आमच्या गावात सकाळची बस उशिरा यायची, तर नववीच्या मुलांनी डेपोला अर्ज लिहिला, "आम्हा विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत, तरी कृपा करून". मी विचारलं, साहेब वाचून काय म्हणतील? एक मुलगी म्हणाली, म्हणतील सगळेच असं लिहितात. उत्तर आलंच नाही. मग पोरांनी तीन आठवडे वहीत नोंद ठेवली, शाळेच्या १८ दिवसांपैकी ११ दिवस बस प्रार्थना संपल्यावर पोचली. पूर्वपक्ष काढायला कंडक्टरकाकांशी बोलले तेव्हा कळलं की गाडी आधी दुसऱ्या गावाला वळसा घालून येते आणि त्या गावातून त्या वेळी फारसं कोणी चढतच नाही. दुसऱ्या अर्जात जादा गाडी मागितलीच नाही, फक्त दोन गावांचा क्रम बदला म्हटलं, नोंदी जोडल्या, आणि भावनेचं एकच वाक्य ठेवलं, की पावसात पाचवीतली मुलं बसची वाट न बघता दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चालत येतात. त्या अर्जाला उत्तर आलं आणि दिवाळीनंतर क्रमही बदलला.

मार्क देताना भाषणाच्या ओघाला निम्म्यापेक्षा कमी द्या, समोरच्याची बाजू किती खरी मांडली याला जास्त. लाजाळू मुलं इथे पुढे येतात, कारण ती ऐकत असतात. महिन्यातून एकदा ऐनवेळी बाजू बदलायला लावा, जो विरोधात बोलणार होता त्याला बाजूने उभं करा, पहिल्यांदा आरडाओरडा होईल, होऊ द्या. आणि पाठ करून आलेल्या पोराला खाली बसवू नका, त्याचं होऊ द्या, टाळ्या वाजवा, आणि मग विचारा की यातलं कोणतं वाक्य तुला स्वतःला सगळ्यात जास्त पटलं, आणि का. ते 'का' सांगायला तो अडखळेल, तेव्हा घाई करू नका, त्याला वेळ द्या.