'आवर्ती आम्ल' नव्हे, पर-आयोडिक!

प्रश्न : जेलमधली (प्रथिने वेगळी करण्याच्या मऊ थरातली) ग्लायकोप्रथिने, म्हणजे साखर जोडलेली प्रथिने, फ्लुओरसंट (प्रकाश पडताच स्वतः वेगळ्या रंगात चमकणाऱ्या) रंगाने दाखवताना आधी 'पिरिऑडिक ॲसिड' लावतात. त्याला मराठीत 'आवर्ती आम्ल' म्हणावे का? आणि 'फ्लुओरसंट'ला शब्द कोणता?

'आवर्ती आम्ल' कृपा करून म्हणू नका. प्रात्यक्षिकांच्या वह्यांत हा शब्द वारंवार दिसतो आणि दर वेळी डोक्यात जातो. आवर्तसारणीशी या आम्लाच्या नावाचं काही नातं नाही. फोड करायची ती 'पर + आयोडिक' अशी. इंग्रजीत 'आवर्ती' आणि 'पर-आयोडिक' या दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एकच (periodic) असल्यामुळे हा सगळा घोळ.

'आयोडिन' म्हणजे ग्रीकमध्ये जांभळ्या फुलासारखं दिसणारं. १८११ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ कूर्त्वा यांनी सागरी शेवाळाच्या राखेवर जास्तीचं सल्फ्युरिक आम्ल घातलं आणि जांभळी वाफ उठली. नाव पडलं ते तिच्यावरून. पण खरी मौज 'पर'मध्ये आहे. लॅटिन 'पेर' म्हणजे आरपार, पुरेपूर. संस्कृत 'परि'चा तो सख्खा भाऊ. 'परिपक्व', 'परिपूर्ण' आठवा. विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटमधला 'पर'ही हाच. आयोडिक आम्लात आयोडिनची ऑक्सिडीकरण-अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले असं धरायचं तो आकडा) +५, पर-आयोडिकमध्ये +७, आणि त्यापुढे आयोडिन जातच नाही. तेव्हा 'पर म्हणजे जास्त' एवढ्यावर भागवणारे कोशकार मला साफ अमान्य आहेत. इथे अर्थ 'पुरेपूर' हाच. चुकीच्या फोडीतला ग्रीक 'पेरि'सुद्धा याच घराण्यातला, फक्त तिथे अर्थ 'सभोवती'.

चुकीच्या शब्दाने काम बिघडतं ते असं: 'आवर्ती' वाचून आम्ल पुन्हापुन्हा लावायचं असा समज होतो. लावायचं एकदाच. प्रो-क्यू एमरल्ड ३०० या फ्लुओरसंट रंगासाठी साधारण ३० मिनिटं. साखरेतल्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांमधला कार्बन-कार्बन बंध तुटून अल्डिहाइड नावाचे गट तयार होतात आणि रंग त्यांनाच धरतो. पुन्हापुन्हा करायचं ते धुणं, ३ टक्के ॲसेटिक आम्लाने. त्यात कसूर केली तर सगळं जेलच हिरवं उजळतं. सुरुवातीच्या स्थिरीकरणात (प्रथिने जेलमध्ये पक्की बसवण्याच्या पायरीत) एसडीएस, म्हणजे प्रथिने वेगळी करताना वापरलेलं साबणासारखं रसायन, नीट निघालं नाही तरी तेच. जेलवर चमकणाऱ्या एखाद्या प्रथिनाच्या पट्टीबद्दल शंका असेल तर जोडीचं जेल पर-आयोडिक न लावता रंगवा. तिथेही चमकली तर ती चमक साखरेमुळे नाही.

'फ्लुओरसंट'ला 'प्रतिदीप्त' म्हणा.