जुन्या मारुती ८००च्या इंजिनातून टक-टक आवाज येतो. इंजिन खोलावं की गाडी विकावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ची मारुती ८००, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), १,१२,००० किलोमीटर. सकाळी सुरू केली की वरून टक-टक, तापली की आवाज कमी. नाशिकमधल्या एका गॅरेजने २० डब्ल्यू ५० हे जाड ऑइल आणि वर ट्रीटमेंटची बाटली ओतायला सांगितली. दुसऱ्याने इंजिन गरम असतानाच कानाने अंदाज घेत टॅपेट (व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा गॅप ठरवणारे स्क्रू) कसून दिली. सकाळचा आवाज जवळपास तसाच राहिला, उलट आता पहिली पाच मिनिटं गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही. आता तो म्हणतो हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) खोलावं लागेल, आणि तुम्ही विचारताय की विकून टाकू का.

विकायचं नंतर बघू. आधी हेडला हात लावू देऊ नका. तापलेल्या इंजिनावर कानाने टॅपेट कसणं हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही. हा वाद मी कित्येक मिस्त्र्यांशी घातलाय आणि तुमच्या गाडीची लक्षणं माझ्या बाजूने साक्ष देतायत, म्हणून हे लांबलचक उत्तर.

या इंजिनात डोक्यावर एक कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा), सहा व्हॉल्व्ह, आणि कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे सहा रॉकर. प्रत्येक रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि लॉकनट. स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये थंड इंजिनावर साधारण ०.१५ मिमी गॅप लागतो. इंजिन पूर्ण तापल्यावर हाच गॅप ०.२५च्या आसपास जातो. हो, वाढतो. अॅल्युमिनियमचं हेड स्टीलच्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त फुगतं आणि रॉकरला दांडीपासून वर उचलतं. पुष्कळ मिस्त्री उलटं धरून चालतात, आणि घोळ इथेच होतो. तापलेल्या इंजिनावर कोणी ०.१५ ठेवला तर रात्रभर थंड झाल्यावर ०.०५ उरतो. कानाने, आवाज जाईपर्यंत कसला असेल तर काहीच उरत नाही. मग सकाळी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, मिसिंग येतं. पाच मिनिटांत हेड तापलं की गॅप परत तयार होतो आणि गाडी सरळ चालते. तुमच्या मिसिंगचं कारण मला तरी हेच दिसतं.

हे ताबडतोब सुधारा, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकलेला असतानाच हेडला देतो. टेकायलाच मिळालं नाही तर कडेवरून जळता वायू निसटत राहतो आणि काठाला चीर पडते. त्यानंतर मात्र हेड खरंच खोलावं लागतं. सैल टॅपेट वाजतं, पण ते दुरुस्त करायला वेळ देतं. घट्ट टॅपेट आवाज न करता व्हॉल्व्ह जाळतं. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांत तर सीट झिजून गॅप आपोआप कमी होत जातो. अशी गाडी 'मस्त गप्प चालतेय' म्हणून खूश होऊ नये, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघावं.

आता मूळ आवाज. खरं टॅपेट तापल्यावर जास्त वाजायला हवं, कारण गॅप वाढतो आणि ऑइलही पातळ होतं. तुमचा आवाज तापल्यावर कमी होतो. म्हणजे तो मुळात टॅपेटचा नसावाच. माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) पॅकिंगवर. थंड असताना तिथून प्रत्येक स्फोटाचा झटका बाहेर पडतो, आवाज हुबेहूब टॅपेटसारखा. लोखंड तापून फुगलं की फट मिटते. तपासायला सकाळची पहिली सुरुवात हवी, गॅरेजपर्यंत चालवत नेलीत तर काही सापडणार नाही. आधी उष्णता अडवणारा पत्रा हलवून बघा, त्याचा बोल्ट ढिला असला तरी असंच वाजतं. मग पत्रा काढून मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर काळी काजळी दिसते का बघा. गाडी सुरू करून एकाने जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटपाशी कान द्यायचा. टक-टकचं फस्-फस् झालं की चोर सापडला.

काजळी नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून इंजिनावर फिरवा. इंजेक्टर टिकटिकतातच, तो आजार नव्हे. प्लग ढिला असेल तर त्याच्या बुडाशीही काजळी असते. वायरमधून करंट उडत असेल तर अंधारात निळी ठिणगी दिसते. फॅनबेल्ट काढून जेमतेम मिनिटभर इंजिन चालवलं की अल्टरनेटरचा आणि पंपाचा आवाज वेगळा होतो. कॅम क्रँकच्या (पिस्टन जोडलेल्या खालच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ९०० आरपीएमला एक सैल टॅपेट सेकंदाला साडेसात वेळा वाजतं आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीचा ठोका पंधरा वेळा. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाव वेगाने ऐका, मोजता येतं. आवाज भरीव असेल तर एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. त्याने आवाज बदलला तर पिस्टन किंवा बेअरिंगकडे जावं लागेल. चालू इंजिनच्या प्लगची वायर ओढू नका, कॉइल जाते. आणि आवाज फक्त कसाऱ्याचा घाट चढताना, टॉप गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर तो नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याचा, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

टॅपेट सेटिंग असं करा किंवा समोर उभं राहून करून घ्या. गाडी रात्रभर उभी हवी. तिन्ही प्लग काढा, टॅपेट कव्हर काढा. टॉप गिअर टाकून गाडी हाताने थोडी थोडी पुढे ढकलली की कॅम फिरतो. इंजिन मागे फिरवायचं नाही. ज्या व्हॉल्व्हचं काम करायचं त्याच्या लोबचं (कॅमवरच्या उंचवट्याचं) नाक रॉकरच्या बरोबर उलट दिशेला आणा, रॉकर हाताने हलकासा हलला पाहिजे. आत्ता, काही सोडायच्या आधी, सहाही गॅप मोजून कागदावर लिहा. तुमच्या गाडीत दोन-तीन ठिकाणी पट्टी शिरणारच नाही असं मला वाटतं, आणि तो कागद त्या मिस्त्र्याला नक्की दाखवा. मग लॉकनट अर्धा आटा सोडा, ०.१५ची पट्टी घाला, स्क्रू फिरवा. वहीच्या दोन पानांमधून तिसरं ओढून काढताना हाताला लागतो तेवढाच अडसर पट्टीला लागावा. आता स्क्रू धरून ठेवून नट आवळा. इथेच नव्वद टक्के लोक चुकतात: नट आवळताना आट्यांमधला ढिलेपणा निघतो, स्क्रू वर खेचला जातो आणि गॅप बदलतो. म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. ०.१३ सहज जावी, ०.१८ जाऊ नये. न जमल्यास परत सोडायचं. सहा व्हॉल्व्हना निवांत तास-दीड तास लागतो. दहा मिनिटांत कोणी करून दिलं तर ते सेटिंग नव्हे.

गॅप बरोबर असूनही एखादं वाजत राहिलं तर त्या स्क्रूचं टोक भिंगाखाली बघा. व्हॉल्व्हच्या दांडीने तिथे बारीक खळगा पाडलेला असतो. सपाट पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, तुम्ही मोजता ०.१५ आणि खरा गॅप असतो त्याच्या दीडपट. असा स्क्रू बदलायचा, कसायचा नाही. रॉकर शाफ्टवर सैल झाला असेल तर ऑइलचं भोक मळीने बुजलंय का ते बघा. गंगापूर रोडवरून शरणपूर रोडपर्यंत जाऊन येणारी गाडी कधी नीट तापतच नाही, तिच्यात ही काळी मळी लवकर साठते.

मॅनिफोल्डसाठी आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. जुना स्टड हेडमध्ये तुटला तर अॅल्युमिनियममधून तो काढणं कसबी माणसाचं काम आहे, अंबड-सातपूरला मशीन शॉपमध्ये मिळतो असा हात. मॅनिफोल्डचा चेहरा स्टीलची पट्टी लावून सरळ आहे का बघा. वाकडा असेल तर नवं पॅकिंगही काही महिन्यांत फुंकेल. नट मधून बाहेरच्या दिशेला, दोन टप्प्यांत आवळा.

जाड ऑइलबद्दल एवढंच: टॅपेटचा गॅप हा दोन धातूंमधली मोकळी जागा आहे, ती ऑइलने भरत नाही. निफाडच्या बाजूला पारा उतरतो तशा जानेवारीच्या सकाळी जाड ऑइल रॉकरपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं साधं ऑइल, नवीन फिल्टर. तीन लिटरचा डबा आणा आणि शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत ओता. ट्रीटमेंटच्या बाटलीचे पैसे फीलर गेजवर घाला.

विकायचं म्हणाल तर सेटिंगनंतर कॉम्प्रेशन काढा: तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. तिन्ही सिलिंडरमध्ये गेजवर एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नसेल तर या आवाजासाठी गाडी विकण्यात अर्थ नाही. एक कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह, आणि तेव्हाच हेड खोलायची चर्चा. १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन तुम्ही पेठ रोडच्या आरटीओतून नवं करून घेतलं असेल तर घाई कशाची?

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वरचे आकडे तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून घ्या, अंतिम तोच आकडा. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारं) असलेल्या गाड्यांना यातलं सेटिंग लागूच नाही. आणि आवाजासोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बंद करून टो करून न्या. मॅनिफोल्ड गळत असताना बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, तो धूर व्हेंटमधून आत येतो.