आधी मार्टिनो वाच

समाजशास्त्राला नुकतीच सुरुवात करते आहेस, तर काँत, दरखाइम, वेबर या संस्थापक मानल्या गेलेल्या पुरुषांच्या यादीवर थांबू नकोस. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच थांबले होते, त्याची हळहळ अजून वाटते.

पहिल्यांदा हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका हाती घे. काँतचा अवजड ग्रंथ संक्षिप्त करून तिने १८५३ मध्ये इंग्रजीत आणला, एवढीच तिची ओळख करून देतात. पण समाजाचं निरीक्षण कसं करावं, यावर तिचं स्वतंत्र पुस्तक १८३८ सालचं आहे. दरखाइमच्या पद्धतीवरच्या पुस्तकाच्या तब्बल सत्तावन्न वर्षं आधीचं! लोक काय बोलतात त्यावर विसंबू नका, आधी वस्तू आणि संस्था बघा, असं ती सांगते. स्मशानातले मृत्युलेख वाचा, तुरुंग बघा. तिला ऐकू कमी यायचं, ऐकण्यासाठी कानाला कर्णा लावून ती अमेरिकाभर फिरली. स्वातंत्र्याच्या घोषणा आणि प्रत्यक्षातली गुलामगिरी, स्त्रियांची राजकीय अवस्था यांची तिने समोरासमोर तुलना केली.

मग शिकागोच्या गरीब वस्तीतल्या हल हाउस या समाजकेंद्राचे १८९५ चे नकाशे बघ. जेन अॅडम्स, फ्लॉरेन्स केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांत जाऊन माहिती गोळा केली. आठवड्याला पाच डॉलर किंवा त्याहून कमी मिळकत असलेली कुटुंबं काळ्या रंगात दाखवली. याला ‘समाजसेवा’ म्हणून बाजूला सारलं गेलं, हे मला अजिबात पटत नाही.

मारिआन वेबरचं नाव तिने लिहिलेल्या नवऱ्याच्या, म्हणजे त्या यादीतल्या वेबरच्या, चरित्रासाठी घेतात. तू तिचं विवाह आणि कायद्यावरचं १९०७ चं लिखाण शोध.

आणि वाचताना प्रस्तावना, तळटीपा सोडू नकोस. कितीतरी बायका मला तिथेच सापडल्या.