मॅकवरचा बॅकअप विंडोजवर उतरवल्यावर फाइली ‘करप्ट’ दिसतात; दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवावे का?

आपण लिहिले आहे की जुन्या मॅकवरील फोल्डर झिप करून एक्सटर्नल डिस्कवर ठेवले आणि ते नव्या विंडोज लॅपटॉपवर उघडले. आता अनेक फोटो खराब असल्याचा संदेश येतो, मराठी नावाच्या काही फाइली शोधूनही सापडत नाहीत आणि जुन्या वर्ड फाइलींत निरर्थक अक्षरे दिसतात. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर तूर्त चालवू नये, असे माझे मत आहे. या तिन्ही तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी एकीतही फाइलीतला मजकूर प्रत्यक्षात बदललेला नसण्याची शक्यता मोठी आहे. विंडोजमधील डिस्क तपासणारे चेकडिस्क हे साधनही दुरुस्तीच्या पर्यायासह चालवल्यास डिस्कवर लिहिते, म्हणून मूळ झिपची दुसरी प्रत काढून होईपर्यंत त्या डिस्कला हात लावू नये.

सर्वप्रथम झिप शाबूत आहे की नाही ते ठरवावे. झिपमध्ये प्रत्येक फाइलीसोबत सीआरसी-३२ ही पडताळणीची संख्या साठवलेली असते. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्राममधील ‘टेस्ट’चा पर्याय फाइली बाहेर न काढता ही संख्या जुळवून पाहतो. ती सगळीकडे जुळली, तर झिप झाल्यापासून आतल्या फाइलींना धक्का लागलेला नाही आणि दोष फाइली वाचण्यात आहे, असे समजून पुढे जावे.

आता फोटो. न उघडणाऱ्या फाइलीचे नाव टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होते का, आणि ती ‘मॅकओएसएक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे का, ते पाहावे. फाइलीसंबंधीची जादा माहिती, उदाहरणार्थ रंगीत टॅग, मॅक अशा जोडफाइलींत ठेवतो. त्या सहसा काही केबींच्याच असतात, पण शेवटी जेपीजी असल्यामुळे विंडोज त्यांना फोटो समजते. खात्री करायची असेल तर एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडून पहिले चार बाइट पाहावेत. तेथे ०० ०५ १६ ०७ असेल तर ती जोडफाइल आहे. खऱ्या जेपीजीची सुरुवात एफएफ डी८ ने होते. सुरुवातीपासून नुसती शून्ये असतील, तर मात्र तो फोटो खरोखर गेलेला आहे. आयफोनवरून आलेले एचईआयसी फोटो हा आणखी वेगळा प्रकार. ते चांगले असूनही विंडोजमध्ये आवश्यक एक्स्टेन्शन नसल्यास उघडत नाहीत.

न सापडणाऱ्या नावांचा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, कारण तो मराठीला नेमका भोवतो. ‘पायऱ्या’ किंवा ‘दऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एकच सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे जोडून. २०१७ मध्ये एपीएफएस ही मॅकची नवी फाइल सिस्टिम येण्यापूर्वीची मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे सुटी करून, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने साठवत असे, आणि झिपमध्येही ती तशीच जातात. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम नाव जसे येईल तसे ठेवते. परिणामी पडद्यावर दोन्ही नावे सहसा सारखीच दिसतात, परंतु कीबोर्डवरून सलग ऱ टंकून शोध घेतला की फाइल हाती लागत नाही. अशा वेळी नावातला ऱ नसलेला तुकडा शोधावा आणि फाइलीचे नाव नव्याने टंकावे.

वर्ड फाइलींत दिसणारी अक्षरे कशी आहेत, हे नीट पाहणे आवश्यक आहे. रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी असेल, तर तो मजकूर श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी-सुरेख यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला असावा. तोच फॉन्ट बसवला की मजकूर जसाच्या तसा दिसतो, आणि नंतर कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणता येतो. साध्या टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाइलींत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून येनचे किंवा चलनाचे चिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल, तर यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे बाइटांचा अक्षरांशी चुकीचा मेळ लावून, उघडला गेला आहे. ती फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. येथे घाईने सेव्ह करणारेच चांगली फाइल कायमची बिघडवतात.

सीआरसीच जुळली नाही, तर झिप खराब आहे असे लगेच मानू नये. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने त्याच झिपचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या, दोनदा काढावा. दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले, तर बिघाड केबल, यूएसबी पोर्ट किंवा रॅममध्ये आहे. केबल बदलावी आणि विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवावे. उत्तर दोन्ही वेळा एकच येऊनही सीआरसी चुकत असेल, तर झिपच बिघडलेली आहे. जुना मॅक अद्याप फॉरमॅट केलेला नसेल, तर तेवढ्याच फाइली तेथून झिप न करता पुन्हा आणाव्यात आणि दोन्ही यंत्रांवर त्यांचे हॅश जुळवून मगच मॅक रिकामा करावा.